निर्मळची जत्रा आणि वसईचा बाजार

कार्तिक वद्य एकादशीपासून वसई तालुक्यातल्या निर्मळला जत्रा भरते. तळ्याकाठच्या टेकाडावर शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली आणि या क्षेत्राला पुन्हा बरे दिवस आले. हिंदू दर्शनाला येतात, शेजारपाजारचे ख्रिस्ती बाजाराला येतात. रेल्वेच्या पूर्वेकडच्या एव्हरशाईन सिटीसारख्या नव्या वसाहतींना जुनी वसई दाखवणारी ही हक्काची जागा म्हणायला हवी.

जत्रेतला खास वसईचा माल म्हणजे सुकेळी. पावसाळा सरला की पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, दव पडायच्या आत झाकायची, आणि चांगली तांबूस झाली की केळीच्याच सुक्या पानात बांधायची. केळे वाडीतले, मेहनत घरच्यांची, वेष्टनही बागेतले. त्यामुळे विक्रीचा बराचसा पैसा गावातच राहतो. शेजारी प्लास्टिकच्या खेळण्यांचा ठेला असतो, गर्दीही त्याच्याचभोवती जास्त. पण त्यातून गावाच्या वाट्याला जागेच्या भाड्यापलीकडे फारसे काही येत नाही. जत्रेची उलाढाल मोजताना हा फरक सहसा कोणी धरत नाही.

विरारच्या जीवदानी गडावर नवरात्रात रीघ लागते, तेव्हा हार आणि ओटीच्या विक्रेत्यांचा हंगाम असतो. वसईच्या वाड्यांतला मोगरा-चाफा एरवी पहाटेच्या लोकलने दादरला जातो. सणासुदीला त्याला जवळच गिऱ्हाईक मिळू शकते. असाच आणखी एक सण म्हणजे फेब्रुवारीत वसईच्या किल्ल्यात होणारा संत गोन्सालो गार्सिया यांचा. वसईत जन्मलेले गोन्सालो १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झाले, १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

अडचण मुक्कामाची आहे. मुंबईचा भाविक संध्याकाळच्या गाडीने परततो. खानावळ, रिक्षा, वाटाड्या यांच्या हाती थोडेच लागते. निर्मळ, किल्ला आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलेला सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप एकाच तालुक्यात आहेत. तिन्ही जोडणारी सहल जत्रेच्या दिवसांत आखली, तर निदान दुपारचे जेवण तरी इथे होईल. पण सहल आखली तरी उत्सवामागचा धंदा आधी टिकायला हवा. कोलकात्याच्या दुर्गापूजेला २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, पण मूर्तिकार आणि मंडपवाले यांचा धंदा त्याआधीपासूनच उभा होता. वसईत मात्र इमारती वाढल्या तशा केळीच्या वाड्या आटल्या, सुकेळी करणारी घरेही कमी झाली. जत्रेला माणसे कितीही येवोत, राजेळीची लागवड टिकली तरच सुकेळीचा ठेला लागेल.