खाकीतला श्रमिक आणि निवृत्तिवेतन
(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो सेवेने मिळवलेला हक्क होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नकारा खटल्यात दिला. तरीही महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ ही रेघ ओढली. अंबाबाईच्या नवरात्रात एकाच बंदोबस्ताला उभ्या असलेल्या दोन शिपायांपैकी रेघेअलीकडच्याला निश्चित निवृत्तिवेतन. पलीकडच्याच्या वाट्याला दरमहा दहा टक्के कपात आणि बाजाराच्या चढउताराशी बांधलेले वार्धक्य! फेब्रुवारी २०२४ मध्ये, भरतीची जाहिरात रेघेआधीची असणाऱ्यांना जुन्या योजनेचा विकल्प मिळाला. पुढे नव्या योजनेत सुधारणाही झाल्या; रेघ मात्र पुसली गेली नाही.

मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी याच प्रश्नावर संपावर गेले. पोलिसाला ती वाट बंद आहे. १९८२ साली पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली गेली आणि मुंबईत उसळलेला त्यांचा असंतोष दडपण्यात आला.

मोर्चावर लाठी उगारणारा शिपाई चळवळीला परका वाटतो. परंतु खाकीच्या आतही श्रमिकच असतो. ज्याला बोलण्याची मुभा नाही, त्याचा प्रश्न वेशीवर टांगणे हे समाजवाद्यांचे कर्तव्यच आहे.