अभिजिताला प्रभामंडळ कां नाहीं?

आश्विनांत आभाळ निवळलें, म्हणजे नायगावच्या माळावरून सायंकाळीं दोन ठळक तारे दिसतात. डोक्यावर, किंचित दक्षिणेस, श्रवण. आणि वायव्येस अभिजित. दोन्ही सूर्यासारखेच हायड्रोजनचें हेलियम करीत भर वयांत नांदणारे, पण त्याच्याहून तप्त. अभिजित तर सुमारें ९,५०० अंशांचा. तेव्हां क्ष-किरणही त्याचेच प्रखर असावेत, असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत श्रवणापासून क्ष-किरण येतात. अभिजितापासून सांपडत नाहींत.

या कोड्याची किल्ली सूर्यापाशीं आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास ग्रहण पाहण्यासाठीं पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें यंत्रें घेऊन गेले होते. सूर्यबिंब झांकलें जातांच भोंवतीं मोत्यासारखी प्रभा उमटते, तेंच प्रभामंडळ. तें दहा लक्ष अंशांहून तप्त असतें, हें ग्रोट्रियान व एडलेन यांच्या संशोधनानें १९४० च्या सुमारास कळलें. पृष्ठभाग ५,५०० अंशांचा आणि वरील विरळ वायु त्याच्या शेंकडों पट तप्त! निखाऱ्यापेक्षां धुरानेंच अधिक पोळावें, तसा हा प्रकार. क्ष-किरण निघतात ते तेथूनच.

सूर्याच्या बाहेरच्या थरांत वायु आधणाप्रमाणें खालवर होतो. त्या घुसळणींतून व सूर्याच्या फिरण्यांतून चुंबकीय क्षेत्र निपजतें आणि तें प्रभामंडळास तापवितें. नेमकें कसें, याबद्दल शास्त्रज्ञ अद्याप भांडत आहेत. अभिजिताच्या बाह्य थरांत असें आधण जवळजवळ नाहींच. श्रवण मात्र आठ-नऊ तासांत स्वतःभोंवतीं फिरतो. त्यामुळें तो मध्यावर फुगला असून तो पट्टा ध्रुवांहून थंड आहे. तेथें थोडें आधण उरलें असावें.

क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणांतच विरतात; म्हणून दुर्बीण अवकाशांत धाडावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत घडविलेली अशी एक दुर्बीण २०१५ मध्यें अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरून गेली. त्यापूर्वी, १९९९ मध्यें, अमेरिकेनें चंद्रशेखर यांच्या नांवाची ‘चंद्रा’ दुर्बीण पाठविली. तिनें टिपलेल्या व्याधाच्या चित्रांत ठळक दिसतो तो त्याचा पृथ्वीएवढा सोबती, श्वेतबटू. आकाशांतील सर्वांत तेजस्वी तारा म्हणून मिरविणारा व्याध शेजारीं मिणमिणतो.

याहून तप्त ताऱ्यांची रीत निराळी. ज्येष्ठा नक्षत्राच्या तीन ताऱ्यांपैकीं, मधल्या तांबड्या ताऱ्याच्या आग्नेयेस असलेला तारा सुमारें ३०,००० अंशांचा. त्याच्यापासून क्ष-किरण भरपूर येतात, पण आधणामुळें नव्हे. त्याच्या प्रकाशाच्या रेट्यानेंच सेकंदास हजारांवर किलोमीटर वेगानें वारा सुटतो आणि त्याचे लोट एकमेकांवर आदळून तापतात. त्या ताऱ्यास चुंबकीय क्षेत्रही आहे, असें २००६ मध्यें आढळलें. आधणावांचून तें आलें कोठून? ताऱ्याच्या जन्मकाळचें तें शिल्लक असावें, असें कित्येकांचें मत आहे. वाद मिटलेला नाहीं.