होडी घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

(लखनौ येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे "निवृत्तीनंतरचे नियोजन" असा भारदस्त विषय छापला आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. एवढा मोठा विषय आमच्या आवाक्यातला नाही. त्यातला एकच तुकडा आम्ही घेणार आहोत, तो म्हणजे होडी.

हसू नका. समुद्र येथून शेकडो मैल लांब आहे हे आम्हालाही ठाऊक आहे. पण गेल्या वर्षभरात आपल्यापैकी तिघे जण एकच प्रश्न घेऊन युनियन ऑफिसात आले. तिघेही कोकणातले, तिघांचीही निवृत्ती जवळ आलेली. "साहेब, ग्रॅच्युइटीचे पैसे येतील, गावी एक होडी घेऊ म्हणतो. मासे मिळतील, सुटीत पर्यटक फिरवता येतील. तुमचे काय मत?" आमचे मत तेव्हा ऑफिसात घाईघाईने सांगितले. आज सविस्तर सांगतो.

आधी आमच्या घरची गोष्ट. आमचे गाव मालवण तालुक्यात, खाडीच्या काठी. आमचे थोरले बंधू टपाल खात्यातून निवृत्त झाले आणि आलेल्या पैशांतून त्यांनी फायबरची होडी व इंजिन घेतले. आम्ही येथून आमचा हिस्सा पाठवला. पहिले वर्ष उत्साहात गेले. दुसऱ्या वर्षी बंधूंचे गुडघे दुखू लागले आणि ते मुलाकडे ठाण्याला गेले. होडी खाडीत खुंट्याला बांधलेली राहिली. आम्ही गणपतीला रजा घेऊन गेलो तेव्हा ती पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरून चिखलात बसली होती. इंजिन गंजून गेले होते. चार लाखांच्या होडीचे शेवटी पासष्ट हजार आले. दोष ना समुद्राचा, ना विकणाऱ्याचा. दोष आमचा. आम्ही होडी विकत घेतली, पण तिची देखभाल विकत घेतली नाही.

बंधूंनो, आपण रेल्वेची माणसे. डबा कारखान्यातून नवा कोरा आला म्हणून त्याला कोणी वीस वर्षे तसाच पळवत नाही. ठरल्या मुदतीत तो पी.ओ.एच.साठी आलमबागेसारख्या कारखान्यात येतो, उघडतो, तपासला जातो, रंगतो आणि मगच परत लाईनवर जातो. मध्ये काही बिघडले तर सिक लाईनला लागतो. होडीलाही हेच लागते. फरक एवढाच की तिचा ट्रेन एक्झामिनर तुम्ही, फिटर तुम्ही आणि कारखानाही तुमच्याच अंगणात.

पैशाचे गणित आधी मांडू. होडीची किंमत हा पहिला खर्च आहे, शेवटचा नव्हे. जाणकार लोक ठोकळ हिशेब सांगतात की किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम दर वर्षी देखभालीला बाजूला ठेवावी. म्हणजे चार लाखांच्या होडीला वर्षाला चाळीस हजार. होडी पाण्यात उतरो न उतरो. हे पैसे पेन्शनमधून निघत नसतील तर होडी घेऊ नये. जुन्या पेन्शनवाल्यांना चाळीस टक्क्यांपर्यंत पेन्शन विकून एकरकमी पैसे घेता येतात, पण ती कापलेली पेन्शन पूर्ववत व्हायला पंधरा वर्षे लागतात. १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्या नव्या पेन्शनवाल्यांनी तर दहा वेळा विचार करावा. आमचे स्पष्ट मत असे की होडीसाठी पेन्शन विकू नये आणि ग्रॅच्युइटीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम तिच्यात घालू नये.

आणखी एक. काही जण निवृत्तीच्या आधीच होडी घेऊन ठेवतात. त्यांनी आचार नियम वाचावेत. रेल्वेला १९६६ चे आणि टपाल खात्याला १९६४ चे नियम लागू आहेत. दोन्हींत नियम १५ प्रमाणे मंजुरीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही आणि घरातले कोणी धंदा करत असेल तर तेही कळवावे लागते. नियम १८ प्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ पगारापेक्षा जास्त किमतीची जंगम वस्तू स्वतःच्या नावे घेतली तर महिन्याभरात खात्याला कळवायचे असते. त्यात वाहन येते, म्हणजे होडीही आलीच. एक कागद न दिल्याने शेवटच्या वर्षी चार्जशीट घेऊ नका. तो कागद लिहायला युनियन ऑफिस उघडे आहे.

आता होडी बघायला जाल तेव्हा काय पाहावे? नव्या रंगाला भुलू नये. रंगाखाली काय आहे ते पाहावे. लाकडी होडी असेल तर चाकूचे टोक कण्यावर, फळ्यांच्या सांध्यांवर आणि खिळ्यांच्या भोवती हलकेच दाबावे. टोक सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे. बारीक भोके दिसली तर खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा लागला आहे. बाहेर सुईएवढे भोक आणि आत फळी पोकळ, असा त्याचा कारभार असतो. फायबरची होडी असेल तर लाकडी हातोडीने सगळीकडे ठोकून पाहावे. आपला माणूस फलाटावर चाकाला हातोडी मारून कान देतो ना, तसेच. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आतले थर सुटले आहेत किंवा पाणी शिरले आहे. इंजिन जिथे अडकवतात ती मागची फळी दोन वेळा तपासावी, कारण सगळा हिसका तिच्यावर बसतो.

घेतल्यानंतर रोजचे काम दहा मिनिटांचे असते, पण ते रोज करावे लागते. फेरीहून आल्यावर पाणी उपसावे. होडी गोड्या पाण्याने धुवावी. बाहेरून लावायचे इंजिन असेल तर ते गोड्या पाण्याच्या पिंपात पाच-दहा मिनिटे चालवावे, म्हणजे आतले मीठ निघून जाते. इंजिनाला खाली जस्ताचा तुकडा लावलेला असतो. तो स्वतः झिजतो आणि इंजिनाला वाचवतो. त्यावर रंग लावू नये आणि अर्धा झिजला की बदलावा. गियरचे तेल दुधासारखे पांढरे दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजून इंजिन त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यावे.

वर्षाचे काम पावसाआधी करावे. होडी किनाऱ्यावर ओढून घ्यावी, खाली ओंडके द्यावेत, तळ खरवडावा, वाळू द्यावी. लाकडी होडीच्या फटींतला जुना कापूस काढून नवा कापूस आणि राळ भरावी, फायबरच्या होडीला तडे असतील तर बुजवावेत. मग ती शाकारून ठेवावी. आमचे वडील माडाची झापे वापरत, आज प्लॅस्टिक वापरतात. प्लॅस्टिक वापरा, पण दोन्ही टोकांनी वारा खेळता ठेवा. कोंडलेली ओल होडीला आतून खाते.

ही ओलीची गोष्ट लखनौनेच आम्हाला नीट समजावली. गोमतीच्या काठी छतर मंझिल आहे. तेथे २०१९ साली उत्खनन चालू असताना जमिनीखाली एक जुनी लाकडी होडी सापडली. नबाबांचे राज्य गेले, गोऱ्यांचेही गेले, आणि होडी मात्र चिखलात शिल्लक! असे का? कारण लाकूड ओल्या चिखलात पूर्ण गाडले गेले तर हवा मिळत नाही आणि ते टिकते. पूर्ण कोरडे राहिले तरी टिकते. जे अर्धे ओले, अर्धे सुके राहते ते कुजते. कुडिया घाटावर जाऊन नाववाल्यांशी बोला. गोमतीचे पाणी गोडे, तेथे खाऱ्या पाण्यातला किडा नाही, तरी नाव वेळच्या वेळी काठावर काढून सांधे भरले नाहीत तर ती पाणी घेतेच. त्यांचे घर त्या नावेवर चालते, म्हणून ते चुकत नाहीत. आपले घर पेन्शनवर चालते, म्हणून आपण चुकतो.

सगळ्या कामाची वही ठेवा. टपाल खात्यातल्या बंधूंना हे सांगायला नको. रजिस्टर पत्राची नोंद जशी हातोहात होत असे, तशी होडीची व्हावी. तेल कधी बदलले, फट कुठे भरली, दोर कधी घेतला. उद्या विकायची झाली तर ही वहीच तुम्हाला किंमत मिळवून देईल.

सरकारी कागदांचे थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात मासेमारीच्या होडीचे काम मत्स्यव्यवसाय खाते पाहते आणि प्रवासी होडीचे महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड. मासेमारीच्या परवान्यावर पर्यटक बसवू नयेत. नद्या व अंतर्गत जलमार्गांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या त्या वर्षीचा आदेश वाचून घ्या. विमा उतरवा. आणि लाईफ जॅकेट माणशी एक, अंगात घातलेले. पेटीत कुलूप लावून ठेवलेले नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान बोट एका प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ माणसे गेली. समुद्र शांत होता. अपघात वादळाची वाट पाहत नाही.

आता शेवटचा मुद्दा. आमच्या दृष्टीने तोच पहिला.

साठीनंतर तुम्ही एकटे होडी चालवणार नाही. गावचा एखादा तांडेल, एक-दोन खलाशी ठेवाल. खलाशी हा शब्द मूळचा जहाजावरचा. तेथून तो रेल्वेत आला. या सभागृहातले किती तरी जण खलाशी म्हणून भरती झाले. आम्हीही झालो. पुढे पदाचे नाव बदलले, पण घाम तोच राहिला. ज्या दिवशी तुम्ही होडी घ्याल, त्या दिवशी तुम्ही नाखवा व्हाल. म्हणजे मालक व्हाल. तीस वर्षे आपण मालकाकडे आठ तासांची ड्यूटी मागितली, विश्रांती मागितली, अपघाताची भरपाई मागितली. आता कोणीतरी ते तुमच्याकडे मागेल. त्या वेळी "धंद्यात परवडत नाही" हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. हे वाक्य आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पुष्कळ ऐकले आहे.

कोकणात मासळीचे वाटे करायची रीत आहे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. ही रीत चांगली, पण वाटे आधी ठरवा आणि कागदावर लिहा. खलाशाचा अपघात विमा तुमच्या पैशातून काढा. तांडेल म्हणाला की आज हवा बरी नाही, तर पर्यटक कितीही पैसे दाखवोत, होडी बांधूनच ठेवा. लाल सिग्नल ओलांडायला ड्रायव्हरला कोणी सांगत नाही. तांडेलालाही सांगू नका.

मग होडी घ्यावी की नाही? गावात राहणार असाल, घरात एखादा तरुण हाताशी असेल, तर घ्या. एकट्याने घेऊ नका. तिघे-चौघे मिळून घ्या, देखभालीचे खाते वेगळे उघडा, एकाने सोडले तर त्याचा हिस्सा कोण व कोणत्या हिशेबाने घेणार ते आधीच लिहा. लहान घ्या, जुनी पण निरोगी घ्या. आणि गावी राहणार नसाल, वर्षातून एकदा गणपतीला जाणार असाल, तर दुसऱ्याच्या होडीत तिकीट काढून बसा. त्यात कमीपणा काही नाही.

आमच्या बंधूंची होडी ज्याने घेतली, तो गावातलाच तरुण आहे. त्याने ती दुरुस्त केली आणि आज ती चालते. मागच्या गणपतीत आम्ही तिच्यात बसलो. त्याने आमच्याकडून भाडे घेतले नाही. पण उतरताना म्हणाला, "काका, होडी चांगली होती. तुमका वेळ नव्हतो."

बंधूंनो, हे वाक्य तुमच्यापैकी कोणाला ऐकावे लागू नये, एवढ्यासाठी हे सगळे बोललो.