झडप बसली, गळती किती?

हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी महाधमनीची झडप म्हातारपणी चुना साचून ताठरते. छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन नवी झडप बसवता येते, हे डॉ. अलाँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ शहरात पहिल्यांदा करून दाखवलं. परभणी जिल्ह्यातल्या चारठाणा गावच्या माणसाला त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं. तो परत येतो तेव्हा त्याच्या कागदावर नव्या झडपेच्या कडेनं होणाऱ्या गळतीपुढे नुसतं ‘किंचित’ असून भागणार नाही, आकडा हवा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

या उपचारात जुनी झडप काढत नाहीत. तिला कडेला रेटून नवी तिच्यातच उघडतात. ओबडधोबड भिंतीत चौकट बसवली की बाजूला फट राहते, तसंच चुन्याच्या गाठींपाशी होतं. त्या फटीतून प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त हृदयाच्या डाव्या कप्प्यात परततं. एवढ्याशानं काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. पण या उपचाराच्या ‘पार्टनर’ नावाच्या मोठ्या चाचणीचे दोन वर्षांचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले, तेव्हा सौम्य गळती असलेल्यांतही मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. ते गळतीनंच गेले, असं यावरून सिद्ध होत नाही; जास्त चुना असलेला रुग्ण मुळातच जास्त आजारी असू शकतो. तरी गळतीकडे काणाडोळा करायला आधार उरत नाही, हे नक्की.

खरी अडचण मोजण्यात आहे. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेच्या धातूची सावली पडते आणि तिच्याआडची गळती दिसत नाही. म्हणून जर्मनीतल्या बॉनच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये एक साधं गणित मांडलं. खालच्या रक्तदाबातून डाव्या कप्प्याचा भरून झाल्यावरचा दाब वजा करायचा, वरच्या रक्तदाबानं भागायचं, शंभरानं गुणायचं. वरचा १३०, खालचा ५०, कप्प्यातला २० असेल तर उत्तर येतं २३. पंचविसाच्या खालचं उत्तर आलेल्या त्यांच्या रुग्णांत वर्षभरातले मृत्यू जास्त होते. यावरचा आक्षेपही रास्त आहे: ठोके मंद असले किंवा कप्पा आधीच ताठ असला, तर गळती नसतानाही आकडा घसरतो. त्यामुळे तो इकोशी ताडून पाहावा आणि शंका राहिलीच तर एमआरआय करावा; त्यात शंभरातलं किती रक्त मागे आलं ते मोजता येतं.

आता झडपाच सुधारल्या, मग मोजायचं कशाला, असंही विचारतात. सुधारल्या आहेत हे खरं. काहींना बाहेरून फट बुजवणारी झालर आली. गुजरातमधल्या वापीची ‘मायव्हल’ झडप २३ आणि २६ यांच्या मधल्या २४.५ मिलिमीटर मापातही मिळते. पण चुन्याच्या गाठी प्रत्येकाच्या निराळ्या असतात, आणि गळती पुढे वाढूही शकते. महिन्यानं आणि मग दरवर्षी इको करायचा तो यासाठीच. तो पुढे परभणीला केला, तर तिथल्या डॉक्टरांनी तुलना कशाशी करायची? म्हणून सुट्टी होतानाच घरच्यांनी कागदावर लिहून मागावं: गळती कुठल्या बाजूला, परिघाच्या किती टक्के भागात, आणि त्या वेळी वरचा-खालचा रक्तदाब किती होता.