सहजीवनाची शिल्लक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



‘सेवानिवृत्तीनंतरचे जीवन’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. आमचा जन्म हिशेबखात्यात गेला. वक्तृत्व हा आमचा प्रांत नव्हे. शिवाय आमच्या पत्नीला वगळून हा विषय आम्हांला मांडता येत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण त्यांना काकू म्हणत. तेव्हा आज काकूंविषयीच बोलू; आपण गोड मानून घ्यावे.

1988 साली, बी. ए. झाल्यावर, आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत रुजू झालो. पुढे विवाह झाला आणि बदल्यांचे चक्र सुरू झाले. गुवाहाटी, डेहराडून, कोलकाता आणि शेवटी हे जबलपूर. बदलीचा हुकूम आमच्या नावे निघे. तो अमलात मात्र काकू आणीत. लोणच्याच्या बरण्या गोधडीत गुंडाळणे, मुलाच्या शाळेचा दाखला काढणे, नव्या गावी पंधरा दिवसांत मराठी घरे हुडकून काढणे, ही सारी कामे त्यांची. आम्ही पहिल्याच दिवशी कचेरीत जाऊन बसत असू.

केंद्राच्या सेवेत निवृत्तीचे वय 1998 पासून साठ आहे. मात्र वीस वर्षे सेवा झालेल्यास तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. आम्हांस चौपन्नावे वर्ष होते. बढती दोन वर्षांवर आली होती. सहकारी म्हणत, “साहेब, सहा वर्षांचे वेतन कशाला सोडता?” एका रात्री आम्ही नफातोट्याचा तक्ता मांडला. कसाही मांडला तरी तोटाच निघे. काकूंनी तो कागद पाहिला आणि विचारले, “अहो, यात माझा रकाना कुठे आहे?”

31 मार्च 2019 रोजी आम्ही खुर्ची सोडली.

निवृत्तिवेतनाच्या कागदांना पतिपत्नींचा एकत्रित फोटो जोडावा लागतो, हे येथील पुष्कळांना ठाऊक असेल. स्टुडिओत बसल्यावर काकू म्हणाल्या, “लग्नानंतर आज प्रथमच असे शेजारी बसून फोटो काढतो आहोत, तोही सरकारने मागितला म्हणून!” कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या रकान्यात त्यांचे नाव लिहिताना आपण आधी जाणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. निवृत्तिवेतनाचा काही भाग आम्ही एकरकमी उचलला. तो पंधरा वर्षांनी, म्हणजे 2034 साली, पूर्ववत व्हायचा. त्या वाढीव रकमेतून गावच्या घराची ओसरी दुरुस्त करण्याचा बेत काकूंनी त्याच दिवशी ठरवून टाकला.

त्यानंतरचा काळ आमच्या आयुष्यात सर्वांत समाधानाचा गेला. पहाटे दोघे ग्वारीघाटी जात असू. हिवाळ्यात येथे मटार उदंड. दुपारी उन्हात वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलायच्या आणि गप्पा मारायच्या. एकतीस वर्षांत आम्ही घरात किती कमी बोललो होतो, हे त्या शेंगांनी आम्हांस दाखवून दिले. 2020 च्या टाळेबंदीत मंडळाच्या ग्रंथालयातील ‘कुसुमानिल’ आमच्याकडेच राहून गेले. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा विवाहापूर्वीचा हा पत्रव्यवहार. रोज रात्री अनिलांची पत्रे आम्ही वाचत असू आणि कुसुमावतींची काकू. कुसुमावती 1961 साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या, हा मान मिळवणाऱ्या पहिल्या महिला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निवर्तल्या. ही पत्रे ग्रंथरूपाने आली 1972 साली. हे सांगितले तेव्हा काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अकरा वर्षे ती पेटी घेऊन बसले असतील बिचारे.”

नोव्हेंबर 2022 मध्ये, चार दिवसांच्या आजारात, काकू गेल्या. समाचाराला आलेली वडीलधारी माणसे म्हणाली, “अहेवपणी गेल्या, भाग्यवान हो!” त्यांच्या सद्भावाबद्दल शंका नाही, पण त्या भाग्याचा आम्हांस अजून उलगडा झालेला नाही.

नोव्हेंबर हा हयातीचा दाखला देण्याचा महिना. आम्ही दोघे मिळून बँकेत जात असू आणि परतताना खव्याची जिलेबी खात असू. त्या वर्षी एकट्यानेच गेलो. खिडकीवरच्या तरुणाने सवयीने विचारले, “भाभीजी नहीं आईं?” आम्ही मान हलवली, अंगठा लावला आणि आपण हयात असल्याची नोंद करून घरी आलो. तो जोडफोटो आता चौकटीत बसवून घेतला आहे.

एक गोष्ट राहून गेली, ती सांगितलीच पाहिजे. नर्मदेच्या काठी राहून काकूंना तिचे उगमस्थान, अमरकंटक, पाहायचे होते. एकदा गच्चीची गळती निघाली, एकदा पाहुणे आले. “थंडी सरल्यावर जाऊ” असे आम्हीच म्हटले. कचेरी सुटली तरी पुढची तारीख घालण्याची कचेरीतली खोड सुटली नव्हती.

आम्हांस मिळाली ती तीन वर्षे आणि सात महिने. त्या रात्रीचा तक्ता अजून जपून ठेवला आहे. काकूंच्या रकान्यात कोणता आकडा घालावा, हे हिशेबखात्यात आयुष्य काढूनही आम्हांस कळलेले नाही. येथे बसलेल्या, सेवेत असलेल्या आमच्या धाकट्या बंधूंना नोकरी सोडा असे आम्ही सांगणार नाही. प्रत्येकाच्या घरची गरज निराळी. आपल्या तक्त्यात घरच्या माणसाचा रकाना आहे की नाही, एवढे मात्र आज रात्री पाहावे.

ग्रंथालयाची रविवारची किल्ली काकूंकडे असे; ती आता आमच्याकडे आहे. ‘कुसुमानिल’ जागेवर परत ठेवले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी यावे, आणि शक्यतो जोडीने यावे.