कळसूबाईच्या माथ्यावरून
(वर्धापन दिनी विहारात केलेले भाषण)



मागच्या हिवाळ्यात आम्ही विहारातील चौदा जण कळसूबाईला जाऊन आलो. त्याबद्दल दोन शब्द सांगतो.

जाण्याआधी विहारात वाद झाला. "देवीच्या डोंगरावर आपलं काय काम? बावीस प्रतिज्ञा इसरले का?" असे वडीलधाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आम्ही म्हटले, नवस फेडायला नाही, डोंगर पाहायला जातो. दोन गोष्टी ठरल्या : माथ्यावर हात जोडायचे नाहीत, आणि जोडणाऱ्याची टिंगल करायची नाही.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. अकोले तालुक्यातील बारी गावातून वाट चढते. कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. आफ्रिकेतील ५८९५ मीटरचा किलिमांजारो म्हणजे प्रत्यक्ष ज्वालामुखीच. कळसूबाई तशी नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. पुढे ऊन-पावसाने झिजून जे उरले, तो हा डोंगर.

एका शिडीपाशी आमच्यातील सत्तरीच्या आजी खाली बसल्या. कड्यावर हात फिरवत म्हणाल्या, "हा तं आपलाच दगड हाय. बहात्तरच्या दुष्काळात ह्याचीच खडी फोडली म्या."

आम्ही गप्पच झालो. आजींचे खरे होते. आपल्या बुलडाण्याच्या घाटातला दगड हाच. उल्का आदळून लोणारचे विवर झाले, तेही ह्याच दगडात. भिक्खूसंघाच्या वर्षावासासाठी अजिंठ्याची लेणी कोरली, तीही ह्याच दगडात. आणि दुष्काळी कामावर आपल्या आया-बहिणींनी पोटासाठी फोडला, तोही हाच.

आजींचे गुडघे पुढे चालेनात. दोन पोरे आपणहून त्यांच्याजवळ थांबली. बाकीचे आम्ही वर गेलो. माथ्यावर लहानसे मंदिर आहे. लोक हात जोडत होते. आम्ही बाजूला बसून दहा मिनिटे आनापानसती केली. कोणी कोणाला काही बोलले नाही.

उतरल्यावर आजींनी एकच विचारले, "लेणी पाह्याले किती चढा लागते?"

बंधू-भगिनींनो, यंदाची सहल अजिंठ्याची आहे. पहिले नाव आजींचे लिहिले आहे. दुसरे नाव, ज्यांनी आमच्याशी वाद घातला त्या काकांचे. उरलेली नावे आपण आजच द्यावीत, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

नमो बुद्धाय! जय भीम!