देव नसला तरी चालतो

(युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



माझ्या आधी जे मित्र बोलले त्यांनी ठराव मांडला, की ज्याच्या घरात देव त्याला संघटनेत जागा नाही. टाळ्या पडल्या. देव मीही मानत नाही. तरी ठरावाच्या विरुद्ध बोलायला उभा आहे. का ते ऐकून घ्या, मग हवं तर खाली बसवा.

गोदीत आमच्या शेडवर एक टॅली क्लार्क होता. जातीनं वरचा. कामगारांच्या सत्यनारायणाला हा गडी दमडी द्यायचा नाही. दगडाला दूध कशाला, पोरांना पाजा, असं तोंडावर सांगायचा. मला वाटलं, हा आपला माणूस. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी डबा सोडायला लागलो. त्याच्या बहिणीचं जुळवणं चाललं होतं तेव्हा सहज म्हणालो, आमच्या टोळीत एक शिकलेला पोरगा आहे, बघता का? तो हसला. म्हणाला, "अरे, देव ही कल्पना आहे. जात खरी आहे."

बरेच दिवस मी त्याला ढोंगी समजत होतो. मग जमेल तसं वाचत गेलो नि कळलं, माणूस ढोंगी नव्हता. परंपरेला धरून होता.

आस्तिक-नास्तिक हे शब्द आपण देवावरून वापरतो. मनूनं तसे वापरले नाहीत. दुसऱ्या अध्यायात तो सांगतो, की तर्काच्या जोरावर जो श्रुति-स्मृतींचा अवमान करील त्याला बाहेर काढा. वेदाची निंदा करतो तो नास्तिक. त्यात देवाचं नाव नाही. म्हणून तर सांख्य ईश्वराशिवाय जग समजावून सांगतात आणि तरी आस्तिकांच्या पंगतीला बसतात. मीमांसावाले तर पुढचे. जगाचा कर्ता असा कुणी ईश्वर असू शकत नाही, हे कुमारिल भट्टानं श्लोकवार्तिकात खणखणीत मांडलंय. त्याला कुणी वाळीत टाकलं नाही. उलट वेदाचा कैवारी म्हणून त्याची ख्याती, आणि तुटून कुणावर पडतो तर बौद्धांवर. आता सांगा, जगाचा कर्ता बुद्धानंही नाकारला, यानंही नाकारला. मग भांडण कशाचं? बुद्धानं वेदाचं प्रामाण्य मानलं नाही, याचं.

अजून पुढं चला. जैमिनीच्या सूत्रांत सहाव्या अध्यायात प्रश्न निघतो, शूद्राला यज्ञाचा अधिकार आहे का? बादरी नावाचा एक आचार्य म्हणतो, सगळ्यांना आहे. (हा बादरी कुणी आपल्याला शाळेत शिकवला नाही.) जैमिनी त्याला गप्प करतो. शूद्राला नाही. झाली ही बिनईश्वरवाल्यांची बाजू. आता शंकराचार्यांकडे या. त्यांच्याकडे ब्रह्म आहे, ईश्वर आहे. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात तेही सांगतात, शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही. आणि आधाराला काय घेतात? वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं आणि लाख ओतण्याचं स्मृतिवचन. इतिहास-पुराणं ऐका म्हणाले, तेवढी मेहेरबानी. दोन्हीकडे त्या प्रकरणाचं नावसुद्धा एकच, अपशूद्राधिकरण. देव आहे की नाही यावर हे लोक शतकानुशतकं भांडले. आपला विषय निघाला की एका ताटात जेवले.

हे जुनं झालं म्हणाल. मग टिळकांची हिंदूची व्याख्या बघा. वेद प्रमाण माना, साधनं अनेक, उपास्य कोणतं याला नियम नाही. म्हणजे सूट कुठं आणि सक्ती कुठं, ते सरळ आहे. 1947 साली मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. लगेच 1948 साली स्वामिनारायण पंथातले सत्संगी कोर्टात गेले, की आमचा पंथ हिंदूच नाही, हा कायदा आम्हाला लागू नाही. भक्त माणसं! हिंदू हे नाव सोडायला तयार, दार उघडायला नाही. 1966 साली सुप्रीम कोर्टानं त्यांचा दावा फेटाळला, तेव्हा निकालात टिळकांची तीच व्याख्या घेतली.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. 25 डिसेंबर 1927 ला महाडात मूर्ती नाही फोडली, मनुस्मृती जाळली. 1930 साली नाशकात काळारामाचा सत्याग्रह केला, पण आमच्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून तो नव्हता, हे त्यांनीच नंतर पत्रात स्पष्ट केलं. 1936 साली सांगितलं, जात मोडायची तर शास्त्रांचं प्रामाण्य मोडा.

कुणी म्हणेल, बावीस प्रतिज्ञांचं काय? पहिलीच तर देवांची आहे. कबूल. मी ती घेतलीय नि पाळतो. पण एकाच प्रतिज्ञेवर थांबू नका. आठवी ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करण्याची, नववी सगळी माणसं समान मानण्याची. कुमारिल भट्टानं आठवीवर सही केली असती काय? आमच्या टॅली क्लार्कनं नववीवर?

आता माझ्या आत्याचं सांगतो. तिच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि फोटोच्या मागं मरीआईचा टाक. मी दहादा भांडलोय. ती म्हणते, "असू दे रं, खातीय का काय ती?" याच आत्यानं पोरगी मातंगाच्या घरात दिली. भावकी दोन वर्षं दारात आली नाही. मयताला आली नाही. आत्या हलली नाही. या ठरावाप्रमाणं ती बाहेर. आणि आपल्यातले जे नास्तिक मातंगाचं, चांभाराचं नाव निघाल्यावर "बघू, घरच्यांना विचारतो" म्हणतात, ते आत.

टाक तिनं टाकून द्यावा असं मला आजही वाटतं. पुढच्या खेपेला पुन्हा भांडणार आहे.

माझी दुरुस्ती अशी. सभासदाच्या फॉर्मवर देव मानता का हा प्रश्न खोडा. तिथं विचारा, घरातलं लग्न कुठल्या जातीत होऊ देणार नाही? आणि उत्तर आईबापासमोर लिहून घ्या.

माझा फॉर्म मी अजून भरलेला नाही. माझ्या बहिणीचंही जुळवणं चाललंय.